तुम्ही विचारलंत म्हणून: पगार संघटनेचा, मग आकडे कुणाचे?

शेतकरी संघटनेचा पगार घेणाऱ्या अर्थतज्ज्ञाच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, असे मला पणजीतल्या बैठकांत अनेकदा विचारले जाते. विचारणारे बहुधा सरकारी पगार घेणारे असतात, हे सोडून देऊ. प्रश्न रास्त आहे.

भाताची आधारभूत किंमत सुचवणारा केंद्राचा कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चाच्या निरनिराळ्या व्याख्या वापरतो. बियाणे, खत, मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च एका व्याख्येत येतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल मिळवले की दुसरी होते. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याजही धरले की सर्वांत व्यापक व्याख्या तयार होते. 2024-25 साठी साध्या भाताला क्विंटलमागे 2300 रुपये जाहीर झाले, ते दुसऱ्या व्याख्येनुसार निघालेल्या 1533 रुपयांच्या दीडपट होते. ही दीडपट व्यापक खर्चावर मोजावी, अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे. बेरीज दोन्हीकडे बरोबर आहे. वाद आहे तो कशाला खर्च म्हणायचे याचा, आणि पगार कुणाचाही असला तरी हा निर्णय घ्यावाच लागतो. माझा निर्णय मी टिपणाच्या पहिल्याच पानावर लिहितो.

गोव्याची अडचण आणखी वेगळी आहे. ज्या राज्यांच्या पाहणीतून हा खर्च काढला जातो, त्यांत गोवा नाही. त्यामुळे तिसवाडीतल्या किंवा बार्देशातल्या खाजनात सरद म्हणजे पावसाळी भात लावणाऱ्याचा खर्च त्या सरासरीत कुठेच येत नाही. भरतीचे पाणी बांधाने अडवून कमावलेल्या या जमिनीत बांध फुटला तर पीक जातेच, शिवाय शेतात खार बसतो. बांधाची डागडुजी आणि मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या मोरीच्या, दारांची देखभाल हा खर्च एका शेताचा नसून अख्ख्या खाजनाचा असतो, म्हणून एकेका शेतकऱ्याला विचारायच्या प्रश्नावलीत तो धड बसत नाही. कूळ संघाच्या, म्हणजे खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघाच्या, वह्या मागून आणणे, त्यातल्या नोंदी जुळवणे आणि तो खर्च क्षेत्राच्या प्रमाणात वाटून देणे, यातच माझा बराचसा वेळ जातो.

आकडे कुणाच्या बाजूने झुकतात याची खरी परीक्षा याच वह्यांत होते. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि तिची रक्कम कूळ संघाकडे जमा होते. हे उत्पन्न हिशेबात दाखवू नये, म्हणजे भाताचा खर्च मोठा दिसेल, असे आमच्याच काही सभासदांना वाटते. मी ते वजा करतो. मात्र मासळीसाठी दारे उघडी ठेवल्यामुळे खारे पाणी शिरून जे पीक जाते, त्याची किंमतही मी खर्चात धरतो. पहिल्या नोंदीने सभासद रागावतात, दुसरीने पावणी घेणारे. आणि काही घरांत हे दोघे एकच असतात.

उसाच्या बाबतीतही असेच झाले. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्यातले गाळप 2019-20 च्या हंगामापासून थांबले आणि ऊस उत्पादकांना सरकारी मदत मिळू लागली. संघटनेला मदतीच्या मागणीपुरते टिपण हवे होते. मदत संपल्यावर त्या जमिनीत कोणते पीक परवडेल, याचा हिशेबही मी त्याला जोडला. ते पान सभेत कुणी वाचून दाखवले नाही, पण काढून टाका असेही कुणी म्हटले नाही.