तुम्ही विचारलंत म्हणून: हाताखालची वर्षं

कुठे प्रशिक्षणाला गेले, कोणी देणगीदार ऑफिसात चहाला आले, की हा प्रश्न ठरलेला असतो. मागच्या महिन्यात नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात शेवटच्या बाकावरच्या मुलीने तो सरळच विचारला. "मॅडम, परदेशात तुम्ही स्वयंसेवक होतात. हाताखाली कोणी नव्हतं, तुमची सही चालत नव्हती. मग संस्था चालवायला शिकलात कुठे?" वेळ संपत आली होती. दोन वाक्यं बोलून मी खाली बसले आणि घरी येईपर्यंत ते मनाला लागून राहिलं. म्हणून आता नीट सांगते.

हाताखाली कोणी नव्हतं हे खरं आहे. सहा वर्षं मीच दुसऱ्यांच्या हाताखाली होते. जे शिकले ते तिथेच.

मिरजेत नर्सिंग केलं, मुंबईत अकरा वर्षं लेबर वॉर्डात काढली आणि 2007 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेतल्या मलावीला गेले. स्वयंसेवक म्हटलं की आपल्याकडे सुट्टीत झाडं लावणारी मुलं डोळ्यांसमोर येतात. हे काम तसं नसतं. परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्था जुन्या आहेत: ब्रिटनची व्हीएसओ 1958 ची, अमेरिकेची पीस कोअर 1961 ची, आणि संयुक्त राष्ट्रांनी आपला स्वयंसेवक कार्यक्रम 1970 मध्ये मंजूर केला. साधारण दोन वर्षांचा करार असतो. विमानाचं तिकीट, विमा आणि तिथे साधेपणाने राहता येईल एवढा निर्वाह भत्ता मिळतो. आणि ज्या दवाखान्यात किंवा शाळेत पाठवतात, तिथल्या स्थानिक वरिष्ठांचं ऐकायचं असतं. हे गोऱ्यांचंच काम असं कोणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. माझ्या आसपास केनियाचे, नेपाळचे, फिलिपिन्सचे लोक होते. उलट दिशेनेही माणसं आली आहेत. 1966 मध्ये अडुसष्ट वर्षांच्या एक अमेरिकन नर्स पीस कोअरतर्फे विक्रोळीला आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात राबल्या. त्यांचं नाव लिलियन कार्टर. पुढे त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणून लोक त्यांना ओळखतात. मला मात्र त्यांचं ते वय मोठं वाटतं. मी निघाले तेव्हा "आता या वयात?" असं मला घरातल्या प्रत्येकाने विचारलं होतं.

मलावीत मी एका जिल्हा रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात होते. तिथली इन्चार्ज पन्नाशीची, आवाज कधी न चढवणारी. सगळे तिला अमायी म्हणत. चिचेवा भाषेत अमायी म्हणजे आई. पहिल्याच दिवशी तो शब्द कानावर पडला आणि परका वाटलाच नाही. वॉर्डात खाटा चाळीस, बायका त्याहून जास्त, आणि रात्रपाळीला नर्स एक. प्रत्येक बाईबरोबर घरची एक बाई आलेली असायची, आई, बहीण नाहीतर मावशी. त्यांना तिथे गार्डियन म्हणतात. त्या मागच्या शेडमध्ये चुलीवर रांधायच्या, कपडे धुवायच्या आणि रात्री खाटेखाली चितेंजे पसरून झोपायच्या. चितेंजे म्हणजे त्यांचं रंगीत, लुंगीसारखं नेसायचं कापड. त्यातच पोर पाठीला बांधतात.

माझ्या अंगात मुंबईची शिस्त भिनलेली. तिसऱ्या महिन्यात अमायी एका मयताला चार दिवस गावी गेली आणि मी ठरवून टाकलं, रात्री आठनंतर एकही नातेवाईक आत नको. जमीन फिनेलने पुसून घेतली. वॉर्ड मोकळा दिसू लागला. मला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या रात्री एका पहिलटकरणीला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. ती काही बोलली नाही, नुसती पडून राहिली. ड्युटीवरची नर्स दुसऱ्या टोकाला एक अडलेलं बाळंतपण करत होती आणि मी तिच्या मदतीला होते. त्या मुलीची मावशी बाहेर, खिडकीच्या जाळीला तोंड लावून उभी होती. ती ओरडली म्हणून आम्हांला कळलं. मुलगी वाचली. हे आधी लिहायला हवं, त्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही.

अमायी परतली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चारचौघांत मला एक शब्दही बोलली नाही. माझा हात धरून मागच्या शेडमध्ये नेलं. तीन दगडांची चूल, डोळ्यांत जाणारा धूर, पातेल्यात मक्याच्या पिठाची न्सिमा रटरटत होती. तिने लाकडी पळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ढवळ. उकड घोटतात तशी ती घोटायची असते, पण पातेलं घमेल्याएवढं. पाच मिनिटांत दंड भरून आले. मग अमायी एकेका बाईकडे बोट दाखवत गेली. हिने परवा सलाईन संपल्याचं सांगितलं. हिला शेजारच्या खाटेवरचा ताप आधी कळला. ही आई नसलेल्या दोन पोरींचंही रांधते. "या माझ्या रात्रपाळीच्या नर्स आहेत," ती म्हणाली. "तू त्यांना बाहेर काढलंस."

मला इंजेक्शन द्यायला, फाटलेलं शिवायला कोणी शिकवायची गरज नव्हती. आपण जिथे आलो आहोत तिथे आधीपासून काय चाललं आहे हे बघायला मात्र त्या बाईने शिकवलं. मलावीत चार वर्षं राहिले, मग इथिओपियात दोन. एकदाही माझ्या नावाचं पद नव्हतं.

2014 मध्ये परत आले. मोखाड्यात मातांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेला कार्यकारी विश्वस्त हवी होती. त्याच वर्षी ऑगस्टात ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि सगळ्या कागदांवरचे पत्ते बदलत होते. धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, ऑडिट, देणगीदारांच्या करसवलतीचं ऐंशी-जी, कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या सीएसआर निधीचे अहवाल हे आमच्या जुन्या हिशेबनीसांनी सहा महिन्यांत शिकवलं. ते कोणालाही शिकता येतं. त्रास झाला खुर्चीचा. वॉर्डात अमायी होती. इथे मी चुकले तरी सगळे "हो ताई" म्हणत.

त्या दिवसांत मला मॉली मेल्चिंग यांची फार आठवण यायची. त्या मूळच्या अमेरिकेच्या. 1974 मध्ये शिकायला म्हणून सेनेगलला गेल्या, नंतर तिथेच पीस कोअरच्या स्वयंसेवक झाल्या, तिथली वोलोफ भाषा शिकल्या, खेड्यात राहिल्या आणि 1991 मध्ये त्यांनी गावोगावी लोकशिक्षण करणारी टोस्टान ही संस्था काढली. टोस्टान म्हणजे वोलोफमध्ये अंडं फोडून पिल्लाने बाहेर येणं. 31 जुलै 1997 ला टोस्टानच्या वर्गांत शिकलेल्या मालिकुंडा बांबारा गावच्या बायकांनी जाहीर केलं की आमच्या गावात मुलींची सुंता यापुढे होणार नाही. जगभर कौतुक झालं. एखादीने तेवढ्यावर पुढची दहा वर्षं भाषणं केली असती. पण केर सिंबारा गावचे म्हातारे इमाम देंबा दियावारा मेल्चिंगना भेटायला आले आणि म्हणाले, हे एका गावाने करून भागत नाही. आमच्या मुली आसपासच्या गावांत दिल्या जातात. एकट्या गावाने प्रथा सोडली तर त्या मुलींना करून कोण घेणार? सोडायची तर सगळ्या सोयऱ्यांनी मिळून सोडली पाहिजे. मग ते स्वतः पायी नातेवाइकांच्या गावोगाव फिरले. फेब्रुवारी 1998 मध्ये दियाबुगुला तेरा गावांनी एकत्र जाहीर केलं, आणि संस्थेची पुढची सगळी पद्धत त्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावर उभी राहिली. सोयरीक कुठवर पोचते हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीला ठाऊक असतं. ते ऐकून घेणारी संस्थाप्रमुख मात्र विरळा, आणि मेल्चिंग यांचं मोठेपण मला तिथे दिसतं.

स्वयंसेवक बायका पुढे फार वर चढल्याचीही उदाहरणं आहेत. कॅरल बेलमी ग्वातेमालात स्वयंसेवक होत्या, 1993 मध्ये पीस कोअरच्या प्रमुख झाल्या, आणि 1995 पासून दहा वर्षं युनिसेफच्या. नाशिकच्या त्या मुलीला मी हेच नाव सांगितलं होतं. ते उत्तर अपुरं होतं.

आणखी एक बोलायचं राहिलं, ते स्वयंसेवक या शब्दाबद्दल. आपल्या सरकारी कागदांत आशाताईंना 'आशा स्वयंसेविका' म्हणतात. मी स्वयंसेवक होते तेव्हा मला भत्ता, विमा, तिकीट आणि दरवर्षी रजा होती. आमच्या पाड्यावरची आशाताई भरपावसात नाला ओलांडून बाळंतिणीकडे जाते आणि तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे, तोही महिनोन्‌महिने अडकतो. इथिओपियाने 2003 पासून दर केबेलेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या भागात, दोन आरोग्य कर्मचारी बायका नेमल्या, त्या पगारावर. मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये आपल्या आशाताईंना आरोग्य क्षेत्रातल्या नेतृत्वाचा पुरस्कार दिला, आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्याच बाया मागण्यांसाठी मुंबईला आझाद मैदानात बसल्या होत्या. ज्यांना जग नेतृत्व म्हणतं त्यांना आपण स्वयंसेविका म्हणून थोडक्यात भागवतो, हे मला सहन होत नाही. प्रत्येक सभेत मी हे बोलते, इथेही बोलले.

आता आमच्या ऑफिसातली गोष्ट. मोखाड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. गरोदर बाई जाते आणि तिचं माता-बाल कार्ड पाड्यावरच राहतं, जपून ठेवलेलं. तिकडच्या दवाखान्यात तिची काहीच माहिती नसते. मलावीत प्रत्येकाची आरोग्याची वही ज्याची त्याच्याकडे असते. मी बैठकीत म्हटलं, आपणही कार्ड बाईच्याच हातात द्यायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सगळे "हो ताई" म्हणाले. कोपऱ्यात बसलेली एक आशाताई म्हणाली, "नाय जमायचं. भट्टीवर पिशवी चुलीजवळ वितळंल, नायतर पोरं खेळायला घेतील."

मी विचारलं, मग कुठे ठेवायचं?

तिने थोडा विचार केला. "नागलीच्या पिठाच्या डब्यात. बाई पोराचं कुंची-टोपडं विसरंल, पिठाचा डबा नाय विसरायची. तो जिथं जाईल तिथं कार्ड जाईल."

त्या वर्षी आम्ही तसंच केलं. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, एक बाई भिवंडीकडून परतली, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. ओट्यावर बसून तिने डब्याचं झाकण काढलं, पिठात बोटं घालून कार्ड वर ओढलं, फुंकर मारली आणि आशाताईच्या हातात दिलं. आशाताईने ते पदराने पुसलं. आत कुठल्या तरी अनोळखी नर्सच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलं होतं: मुलगी, 2 किलो 400 ग्रॅम. खाली लशींच्या दोन तारखा. आशाताईने दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर उघडलं.