कोंढाण्याच्या वाटेनं सिंहगडावर

सिंहगडावर मी किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. पण दर वेळी ठरलेलं. आतकरवाडीच्या पायवाटेनं चढायचं, पुणे दरवाजातून आत शिरायचं, पिठलं-भाकरी खाऊन त्याच वाटेनं उतरायचं. या जानेवारीत मात्र भाच्याला घेऊन मागच्या बाजूनं, कल्याण गावाकडून चढलो. कारण त्याचाच एक प्रश्न. नववीत आहे तो. शाळेसाठी गडांच्या नावांवर काहीतरी लिहीत होता. म्हणाला, "मामा, सिंहगड नाव ठेवायच्या आधी हा डोंगर कोंढाणा होता. मग ते जुनं नाव गेलं कुठं?"

ते नाव डोंगराच्या दक्षिणेला, पायथ्याशी अजून नांदतंय. त्या गावाचं नावच कोंढणपूर.

आम्ही पहाटे कात्रजहून सातारा रस्त्यानं खेड-शिवापूरला उतरलो आणि तिथून कोंढणपूरकडे वळलो. स्वतःची गाडी नसेल तर या टप्प्यात वेळ हाताशी ठेवा. वाहन लगेच मिळेलच असं नाही, आम्हाला पाऊण तास थांबावं लागलं. कोंढणपुरात तुकाईचं देऊळ आहे, दर्शन घेऊन पुढे निघालो. नवरात्रात इथे मोठी गर्दी असते, त्या दिवसांत ही वाट नको.

कल्याण गावातून गड फार जवळ वाटतो. तसा तो नाही. रमतगमत दीड-दोन तास लागतात आणि जवळजवळ सगळी चढण उघड्यावर आहे. दक्षिणेची बाजू असल्यानं हिवाळ्यातसुद्धा नऊनंतर ऊन तापतं. आतकरवाडीच्या वाटेवर पावलोपावली ताक-सरबत मिळतं, त्या भरवशावर इकडे येऊ नका. माणशी दोन लिटर पाणी घराहून आणा. आम्ही दोघांत मिळून तीन लिटर आणलं होतं, शेवटच्या टप्प्यात ते पुरलं नाही.

गावाबाहेर एक आजी शेळ्या घेऊन निघाल्या होत्या. वाट विचारली तर म्हणाल्या, "गडावर जायचं ना? ती धार धरा, खाली उतरू नका." भाच्यानं लगेच विचारलं, "आजी, तुम्ही याला कोंढाणा म्हणता का?" त्या थांबल्या. "कोंढाणा? कोंढाणेश्वर म्हणतोस का? तो देव हाय वर. त्याला हात जोडून ये." आणि शेळ्यांमागे गेल्या. त्यांच्या तोंडी डोंगर म्हणजे नुसता गड, आणि कोंढाणा म्हणजे देव. भाच्यानं ते वहीत लिहून घेतलं.

धार सोडू नका हे त्यांनी सांगितलं होतं, तरी आम्ही ती सोडलीच. पहिली चढण संपल्यावर डावीकडे एक मळलेली वाट दिसली, ती गुरांची निघाली. करवंदीच्या जाळीत जाऊन संपली. अर्धा तास गेला, हातावर ओरखडे आले. तुम्ही जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: वाट कितीही रुळलेली दिसली तरी ती धारेवरून खाली जायला लागली की मागे फिरा. वर तटाची रेघ दिसत राहिली पाहिजे.

कल्याण दरवाजा दिसतो तेव्हा जीव भांड्यात पडतो. एकामागोमाग एक असे दोन दरवाजे आहेत. इथे बसाच. बहुतेक लोक गडावरून इथवर येतात, फोटो काढतात आणि परततात, शिलालेखाकडे कुणाचं लक्ष जात नाही. शालिवाहन शके १६७२, बाळाजी बाजीरावांची कारकीर्द, अशी ती नोंद आहे. म्हणजे इसवी सन १७५०. आम्ही सकाळच्या तिरप्या उन्हात पोचलो होतो, अक्षरांच्या कडांना सावली धरली होती. भाच्यानं बोट न लावता, हवेतच अक्षरं गिरवत सगळं वाचून काढलं. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तीच अक्षरं दगडात मिसळून जातात. शिलालेख वाचायचा असेल तर लवकर या.

दगडावर आहे ती पेशवाईतली नोंद. 'कोंढाणा' हा शब्द तिच्याहून चारशे वर्षांनी जुना तर नक्कीच आहे. १३२८ च्या सुमारास महंमद तुघलकानं हा किल्ला नाग नायक या कोळी सरदाराकडून घेतला. नायकानं तो आठ महिने झुंजवला. इसामी नावाच्या कवीनं १३५० मध्ये पुऱ्या केलेल्या फारसी काव्यात ही हकीकत आहे, आणि तिथे गडाचं नाव 'कुंधियाना' असं येतं. कौंडिण्य ऋषींवरून कोंढाणा, असं परंपरा सांगते.

मग तो सिंहगड कधी झाला? लहानपणापासून आपण एकच उत्तर ऐकलं आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले, गड आला पण सिंह गेला, म्हणून सिंहगड. मीही भाच्याला लहानपणी हेच सांगितलं होतं. पण शिवाजी महाराजांनी ३ एप्रिल १६६३ रोजी मोरोपंत पिंगळे आणि निळो सोनदेव यांना लिहिलेलं एक पत्र आहे. गडावर फितवा झाल्याची खबर आली आहे, तुम्ही तिकडे जा, अशा आशयाचं. त्या पत्रात गडाचं नाव सिंहगड असंच आहे. तानाजींच्या आधी सात वर्षं.

दरवाजाच्या सावलीत बसून मी हे सांगितलं तेव्हा भाच्याचा चेहरा उतरला. "म्हणजे ती गोष्ट खोटी?"

खोटी नाही. मला हे अगदी मनापासून वाटतं, आणि गडावर येणाऱ्या प्रत्येक पोराला कुणीतरी हे नीट सांगायला हवं. लढाई झाली, तानाजी त्या रात्री पडले, गड स्वराज्यात आला, यातलं काहीही हलत नाही. कृष्णाजी अनंत सभासदांनी १६९७ मध्ये जिंजीला बखर लिहिली. लढाईनंतर जेमतेम सत्तावीस वर्षांनी. तिच्यात सिंहाचा उल्लेख नाही. तिथे महाराज म्हणतात, एक गड घेतला, परंतु एक गड गेला. मला तर हे वाक्य जास्त लागतं. सिंह म्हणजे पराक्रम, पण गड म्हणजे ज्याच्या आधारानं राहायचं ती जागा. नाव आधीच होतं. तानाजींनंतर लोकांना ते नाव त्यांचंच वाटू लागलं, इतकं की आधीचं कारण कुणी विचारलं नाही.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग वहीत दोन्ही लिहितो."

दरवाजातून वर आलो की गड एकदम गजबजतो. रविवारी आलात तर वाहनतळापासून तानाजी स्मारकापर्यंत मुंगीला वाट मिळत नाही, म्हणून सुट्टीचा वार टाळा. आम्ही बुधवारी गेलो होतो. आधी कोंढाणेश्वराला हात जोडले, आजींनी सांगितलंच होतं. देऊळ यादवकालीन, शंकराचं, लहानसं आहे. आत गार वाटतं. एवढ्या मोठ्या घडामोडींच्या गडावर जुनं नाव ज्या एका जागी कायम राहिलं ती ही जागा, पण शेजारच्या टपरीवर रांग लावणाऱ्या दहांतला एकही आत डोकावत नाही, याचं वाईट वाटतं. पुढे अमृतेश्वर भैरवाचं देऊळ आहे. भैरव कोळ्यांचं दैवत. नाग नायकाचं नाव वाचून आलेल्यानं इथे दोन मिनिटं थांबावंच.

तानाजी स्मारकापाशी आणि राजाराम महाराजांच्या समाधीपाशी आवाज खाली ठेवा. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज याच गडावर गेले. आणि त्यानंतर तीनच वर्षांत गडाला तिसरं नाव मिळालं. औरंगजेबानं १७०३ मध्ये गड घेतला आणि नाव ठेवलं 'बक्षिंदाबक्ष', ईश्वराची देणगी अशा अर्थाचं. बादशाहाच्या कागदांत ते चाललं. दोन वर्षांत मराठ्यांनी गड परत घेतला आणि ते नाव मागे राहिलं नाही. आज पायथ्याच्या एकाही वाडीत, देवळात, ओढ्यात ते सापडणार नाही.

वेळ कमी असेल तर बाकी सोडा, पण झुंजार बुरूज सोडू नका. हे गडाचं दक्षिण टोक. समोर टोपीसारखा राजगड आणि त्याच्या उजवीकडे तोरणा. पूर्वेला लांबवर पुरंदर. इथून दिसणारा जवळजवळ प्रत्येक डोंगर नाव बदलून बसलेला आहे. राजगड आधी मुरुंबदेवाचा डोंगर होता. तोरण्याला महाराजांनी प्रचंडगड म्हटलं, औरंगजेबानं 'फुतुहुल्गैब' म्हटलं, आणि लोकांनी तोरणा म्हणायचं सोडलं नाही. उलट राजगडाला मुरुंबदेव म्हणणारं आता कुणी भेटत नाही. इथून दिसत नाही पण साताऱ्याचा किल्लाही त्याच माळेतला. १७०० मध्ये तो घेतल्यावर मोगलांनी त्याला शहजादा आज्जमच्या नावावरून 'आज्जमतारा' केलं, आणि आज आपण अजिंक्यतारा म्हणतो.

राजगड इथून किती स्वच्छ दिसतो ते पाहिल्यावर सभासदांचं आणखी एक वाक्य कळतं. गड काबीज झाल्यावर मावळ्यांनी पागेची खणं पेटवली आणि महाराजांनी तो उजेड राजगडावरून पाहिला, असं ते लिहितात. भाच्यानं डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं, मग मागे वळून आपण उभे होतो तो तट पाहिला. इथून तटाच्या कडेनं पायवाटेनं डोणागिरीच्या कड्याकडे जाता येतं. तानाजी चढले तो कडा हाच. कड्याच्या टोकाला जाऊ नका. माती भुसभुशीत आहे आणि वारा अचानक ढकलतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात धरूनच ठेवा.

देवटाक्याचं पाणी चवीला गोड आहे, पण पिण्यासाठी चवीवर विसंबू नका, उकळून किंवा गाळून प्या. जेवायला पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. भाव आधी विचारून घ्या आणि सुटे पैसे ठेवा, वर मोबाइलची रेंज दगा देते आणि मग ऑनलाइन पैसे जात नाहीत. गडावर मुक्कामाची परवानगी नाही, तेव्हा दिवसाउजेडी उतरायचं गणित आधीच जुळवा. पावसाळ्यात घाटरस्त्यावर दरडी येतात आणि रस्ता बंद होतो. गाडीनं जाणार असाल तर निघण्याआधी चौकशी करा. कल्याणची वाट तर भर पावसात नकोच, धारेवर शेवाळ धरतं.

उतरताना आम्ही पुणे दरवाजातून आतकरवाडीची वाट घेतली. तासाभरात खाली. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी घ्या, खालचा टप्पा सुट्या खड्यांचा आहे आणि चढणाऱ्यांपेक्षा उतरणारेच तिथे जास्त घसरतात. एका बाजूनं चढून दुसरीकडे उतरायचं तर गाडी पायथ्याशी लावण्यात अर्थ नाही, बसनंच या. पायथ्याहून स्वारगेटची बस मिळते. चारनंतर रांग वाढते, त्याआधी पोचलात तर बसायला जागा मिळेल.

आम्हाला उभ्यानंच यावं लागलं. भाच्यानं एका हातानं दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातातलं तिकीट वहीत ठेवत होता. त्याच पानावर वर तीन नावं लिहिली होती, कुंधियाना, कोंढाणा, सिंहगड. बक्षिंदाबक्ष समासात होतं. आणि सगळ्यांच्या खाली, सकाळच्या घाईतल्या तिरक्या अक्षरात, नुसतं 'गड'.