माद्रिदची म्युझियम्स आणि गल्ल्या, प्रायव्हेट गाइडबरोबर : माझा अनुभव

प्रायव्हेट गाइड घ्यायचा का नाही यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी विमानाच्या तिकिटांवर पण झाली नसेल. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, चित्रं बघायला पैसे आणि ती कळायला परत वेगळे पैसे? कानात ऑडिओ गाइड लाव की. सासूबाई म्हणाल्या मी कुठेतरी बाकावर बसते, तुम्ही दोघं बघून या. म्हणजे थोडक्यात काय, शोधायचं पण मीच आणि पटवायचं पण मीच.

माद्रिदचं एक बरं आहे, प्राडो, तिसेन आणि रेइना सोफिया ही तीन मोठी म्युझियम्स एकाच पट्ट्यात आहेत, पासेओ देल प्राडो नावाच्या झाडांच्या रस्त्यावर, एकातून निघून दुसऱ्यात चालत जाता येतं. हा रस्ता आणि शेजारची रेतिरो बाग मिळून २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत पण गेलंय. पण जवळ आहेत हीच खरी गोची, कारण मग माणसाला वाटतं एका दिवसात तिन्ही उरकू. एकट्या प्राडोतच भिंतींवर हजाराच्या वर चित्रं आहेत. तिन्ही उरकली तर पायाचे तुकडे पडणार आणि डोक्यात काहीच राहणार नाही, हे मला आधीच्या एका ट्रिपवरून चांगलं माहिती होतं.

मग मेल टाकायला सुरुवात केली. एका एजन्सीकडून तासाभरात उत्तर आलं, चकाचक पीडीएफ, त्यात तीन म्युझियम्स, राजवाडा, जुनं शहर आणि वर तापास म्हणजे तिकडचं छोट्या छोट्या डिशेसचं खाणं, सगळं एका दिवसात! रेट माणशी होता आणि तिकिटं वेगळी हे पार खाली बारीक अक्षरात. बाकीच्यांचं पण थोड्याफार फरकाने तेच. फक्त एका गाइडबाईंनी प्लॅन पाठवलाच नाही, उलट प्रश्न पाठवले. बरोबर कोण आहे, जिने चढता येतात का, घरात इतिहासाची आवड कोणाला आहे, आणि तुम्हाला कंटाळा कशाचा येतो. हा शेवटचा प्रश्न वाचला आणि मी मनातल्या मनात हिलाच फायनल करून टाकलं. मी पण मोकळेपणाने लिहिलं की सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, नवऱ्याला लढाया आणि राजेरजवाडे आवडतात, मला काहीही झालं तरी पिकासोचं गेर्निका हे चित्र बघायचंय, आणि कंटाळा म्हणाल तर तिघांनाही एकामागून एक धार्मिक चित्रांचा येतो.

तिचं उत्तर आलं, दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी तीन-तीन तास, एका वेळी एकच म्युझियम, आणि त्यानंतर त्याच म्युझियमच्या मागच्या वस्तीत फिरणं. तिसेनला मी लागणार नाही म्हणाली, तुमचं तुम्ही जा, आणि सोमवारी जा, १२ ते ४ फुकट असतं. रेइना सोफिया मंगळवारी बंद म्हणून तो दिवस तिनेच टाळला. मी विचारलं प्राडोला पण संध्याकाळी फुकट वेळ असते ना, सोमवार ते शनिवार ६ ते ८, तेव्हा येऊ का, तर म्हणाली या, पण मग गाइडचे पैसे रांगेत उभं राहायला दिल्यासारखं होईल. मुद्दा बिनतोड.

पैशाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. तिची फी ग्रुपची होती, माणशी नाही, म्हणजे तिघं असा नाहीतर पाच जण असा, तेवढेच. अर्ध्या दिवसाचे २०० युरोच्या वर गेले, स्वस्त अजिबात नाही. म्युझियमची तिकिटं वेगळी, प्राडो १५ युरो आणि रेइना सोफिया १२, ती आम्ही ऑनलाइन काढली, प्राडोला वेळेचा स्लॉट असतो. कॅन्सल केलं तर काय, पाऊस आला तर वस्तीतल्या चालण्याचं काय, हे सगळं मेलवरच लिहून घेतलं. तोंडी काही ठेवायचं नाही या बाबतीत मी पक्की आहे.

पहिल्या दिवशी प्राडोच्या दारात चित्रकार गोयाच्या पुतळ्यापाशी भेटलो. मध्यम वयाची बाई, गळ्यात गाइडचं कार्ड, पायात मळलेले स्पोर्ट शूज. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, जमा कराव्या लागतात, आणि आत फोटो काढायला बंदी आहे. यावर नवऱ्याचं तोंड पडलं. आत गेल्यावर तिने पहिलं वाक्य काय टाकावं, आता आपण पाच-सहा मोठे हॉल न थांबता पार करणार आहोत, इकडेतिकडे बघायचं नाही. आणि खरंच गेलो की आम्ही! रुबेन्स आणि तिशियनसारख्या बड्या चित्रकारांची चित्रं डावी-उजवीकडे लटकलेली आणि आम्ही मान खाली घालून लोकल पकडायला निघाल्यासारखे सुसाट.

थांबलो ते थेट लास मेनिनाससमोर. समोर म्हणजे लांब, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. वेलास्केसचं १६५६ चं चित्र, तीन मीटरच्या वर उंच, मधे पाच वर्षांची राजकन्या, आजूबाजूला तिच्या सख्या, कोपऱ्यात पेंगलेला कुत्रा आणि त्याच्या अंगावर पाय देणारा एक पोरगा, आणि डावीकडे मोठ्या कॅनव्हासमागे ब्रश घेऊन स्वतः चित्रकार. गाइड काहीच बोलेना. मग म्हणाली, मागच्या भिंतीवरच्या आरशात बघा. आरशात राजा-राणी. म्हणजे ते उभे कुठे असतील? आपण उभे आहोत तिथे! हे मी सासूबाईंना मराठीत सांगितल्यावर त्यांनी खरोखर मागे वळून बघितलं.

मग तिने आम्हाला हळूहळू पुढे नेलं, चार पावलं, थांबा, परत चार पावलं. लांबून राजकन्येच्या झग्यावर चांदीची जर दिसत होती, अगदी धागा न् धागा, आणि जवळ गेल्यावर तिथे जर वगैरे काही नाहीच, नुसते करड्या-पांढऱ्या रंगाचे फराटे, घाईत मारल्यासारखे. मी परत मागे गेले तर परत जर! असं मी किती वेळा पुढे-मागे केलं कोण जाणे, शेवटी तिथला गार्ड माझ्याकडे बघायला लागला. नवऱ्यासाठी तिने वेगळा खाऊ ठेवला होता. वेलास्केसच्या छातीवर सांतियागो या सरदारांच्या मानाच्या पंथाचा लाल क्रॉस आहे, पण त्या पंथात त्याला घेतलं १६५९ मध्ये, चित्र तर १६५६ चं, म्हणजे क्रॉस नंतर रंगवलाय. मानाच्या पदासाठी माणूस तेव्हाही किती धडपडायचा यावर मग आमच्या साहेबांनी तिला ऑफिसमधली उदाहरणं दिली, ते असो.

इथे एक अडचण सांगते. ती इंग्रजीत बोलणार, मी सासूबाईंना मराठीत सांगणार, तोवर ती पुढच्या वाक्यावर, म्हणजे अर्धं त्यांचं जायचं आणि अर्धं माझं. पहिला अर्धा तास असाच गेला. मग तिच्याच लक्षात आलं, ती दोन वाक्यं बोलून थांबायला लागली आणि मी भाषांतर करताना सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं ठरवायला लागली. घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर हे पहिल्याच मेलमध्ये सांगून ठेवा, एवढ्या एका गोष्टीने फार फरक पडतो.

प्राडोतलं माझ्या डोक्यात घर करून बसलंय ते मात्र गोयाचं. ती आम्हाला लिफ्टने वर घेऊन गेली आणि एका छोट्याशा चित्रापुढे उभं केलं, जेमतेम मीटरभर रुंद. सान इसिद्रोची जत्रा, १७८८. सान इसिद्रो म्हणजे माद्रिदचा शेतकरी संत, १५ मेला नदीपलीकडच्या माळावर त्याची जत्रा भरते, आजही भरते. चित्रात उन्हात बसलेली माणसं, छत्र्या, घोडागाड्या, पलीकडे मान्सानारेस नदी आणि वर शहराचे घुमट, सगळं कसं हलकं, गुलाबी-पांढरं. सासूबाई म्हणाल्या, किती छान सहलीला आलेत सगळे. गाइड म्हणाली, हे लक्षात ठेवा, आणि लिफ्टने परत पार खाली.

खाली काळ्या चित्रांची खोली. मधल्या काळात गोया आजारपणात बहिरा झाला, १८०८ ला फ्रेंचांची फौज शहरात घुसली, गोळीबार, युद्ध, उपासमार सगळं त्याने बघितलं. १८१९ मध्ये सत्तरी पार केलेल्या गोयाने नदीपलीकडे एक घर घेतलं आणि त्याच्या भिंतींवरच ही १४ चित्रं काढली, कोणी मागितली नव्हती, कोणाला दाखवायची पण नव्हती. १८७४ पासून ती भिंतीवरून सोडवून कॅनव्हासवर चढवली. त्यातल्या एका लांबलचक चित्रापुढे तिने आम्हाला उभं केलं. काळोखात माणसांचा एक गठ्ठा डोंगरासारखा पुढे सरकतोय, पुढे गिटारवाला, तोंडं आ वासलेली, डोळे पांढरे, गातायत का किंचाळतायत कळत नाही. हे काय आहे ओळखा म्हणाली. आम्ही गप्प. हीच सान इसिद्रोची जत्रा! तोच माळ, तोच चित्रकार, मधे तीस-पस्तीस वर्षं.

नवरा, जो ऑडिओ गाइड लाव म्हणत होता तो, त्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. ऑडिओ गाइडमध्ये पण दोन्ही चित्रांची माहिती असेलच, नाही असं नाही. पण वरचं बघून लगेच खालचं बघायचं, आणि मधलं सगळं गाळायचं, हे यंत्र कसं सांगणार? माझ्या मते तिची अर्धी फी त्या लिफ्टची होती.

प्राडोनंतर मागच्या बारियो दे लास लेत्रासमध्ये, म्हणजे लेखकांच्या मोहल्ल्यात फिरलो. उएर्तास नावाच्या रस्त्यावर फरशीतच पितळी अक्षरात साहित्यातली वाक्यं बसवलीयेत, लोक त्यावरून बिनदिक्कत चालतात. लोपे दे वेगा आणि सर्व्हांतेस हे तिकडचे दोन मोठे जुने लेखक, आणि मजा म्हणजे लोपे दे वेगाचं घर आहे सर्व्हांतेसच्या नावाच्या रस्त्यावर आणि सर्व्हांतेसला पुरलं तो मठ आहे लोपे दे वेगाच्या नावाच्या रस्त्यावर, आणि जिवंतपणी दोघांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही. नगरपालिका सगळीकडे सारखीच. तोवर भूक लागली होती पण तिकडे जेवण दोनच्या आधी मिळायचं नाव नाही, तेव्हा लहान मुलांसारखं यांच्या खिशात खाऊ ठेवा हे माझं मीच शिकले.

दुसरा दिवस रेइना सोफियाचा. ही इमारत मुळात अठराव्या शतकातलं हॉस्पिटल, जाड भिंती, लांब व्हरांडे, आणि बाहेरून काचेच्या लिफ्ट लावल्यात. गेर्निकाकडे जायच्या आधी तिने आम्हाला बाकावर बसवून दहा मिनिटं फक्त गोष्ट सांगितली. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस, स्पेनच्या यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे गाव बेचिराख केलं. पिकासो पॅरिसमध्ये होता, तिथल्या प्रदर्शनात स्पेनच्या दालनासाठी त्याला भिंतभर चित्र काढायचंच होतं, विषय सुचत नव्हता. मग आत.

साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. फोटोत शंभरदा बघितलेलं असूनही पोटात गोळा आला. रंग नाहीतच, काळा-पांढरा-करडा, वर्तमानपत्रासारखा. सासूबाईंना कोणी काही सांगायच्या आधी त्या डावीकडच्या बाईपाशी गेल्या, मेलेलं मूल मांडीवर घेऊन वर तोंड करून ओरडणारी, आणि तिथेच उभ्या राहिल्या. गाइडने त्यांना अजिबात डिस्टर्ब केलं नाही. चांगल्या गाइडला गप्प कधी बसायचं ते कळतं, हे मी तिच्याकडे बघून म्हणते. आता तिथे फोटो काढू देतात, फ्लॅश नाही, २०२३ पासून, त्यामुळे समोर फोनची भिंतच उभी असते, थोडं बाजूला सरकून बघायचं.

स्पेनमध्ये लोकशाही आल्याशिवाय हे चित्र तिथे न्यायचं नाही असं पिकासोने सांगून ठेवलं होतं, म्हणून ते वर्षानुवर्षं न्यूयॉर्कला होतं. पिकासो १९७३ ला गेला, फ्रँको १९७५ ला, आणि चित्र आलं १९८१ मध्ये. आधी दुसऱ्या इमारतीत बुलेटप्रूफ काचेमागे ठेवलं होतं, इथे आणलं १९९२ ला. गाइडची आजी ते बघायला रांगेत उभी होती म्हणे.

बाहेर पडून लावापिएसमध्ये शिरलो, म्युझियमला लागूनच आहे. जुना कामगारांचा भाग, आता बांगलादेशी, सेनेगली, सगळे, मधेच आपल्या मसाल्यांचा वास. तिथे एक कोरराला अजून जपलीये, मधे चौक, भोवती मजल्यांवर लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, एकेक खोलीचं बिऱ्हाड आणि संडास सामायिक. गाइड हे समजावून सांगत होती आणि सासूबाई, ज्या गिरगावच्या चाळीत वाढल्या, मला म्हणाल्या तिला सांग, पाण्याची वेळ काय होती विचार. मग उरलेला अर्धा तास टूर उलटीच झाली. सासूबाई बोलतायत, मी इंग्रजी करतेय आणि गाइड ऐकतेय. समोरच यादवी युद्धाच्या सुरुवातीला १९३६ मध्ये जाळलेलं चर्च आहे, पडकं तसंच ठेवून आत विद्यापीठाची लायब्ररी केलीये, पोरं त्या विटांच्या भिंतीत बसून अभ्यास करतात. आत्ताच गेर्निका बघून आल्यावर ते बघणं वेगळंच वाटतं, आणि तिने तो क्रम मुद्दामच तसा लावला असणार.

टीपचं विचाराल तर तिकडे सक्ती अजिबात नाही, आम्ही आपखुशीने २० युरो दिले, तिने आधी नको म्हटलं आणि मग घेतले.

सोमवारी तिसेनला आमचे आम्ही गेलो. फुकट असल्यामुळे रांग होती पण सरकत होती. आत गेल्यावर सासूबाईंनीच फर्मान काढलं, पाच हॉल न थांबता, इकडेतिकडे बघायचं नाही. शेवटी थांबल्या त्या अमेरिकन चित्रकार हॉपरच्या 'हॉटेलची खोली'पुढे, १९३१ चं मोठं चित्र, पलंगाच्या कडेला एक बाई हातात कागद घेऊन बसलीये, बूट काढून टाकलेले, बॅगा न उघडता तशाच. बराच वेळ बघून म्हणाल्या, हिलाही कोणीतरी एका दिवसात तीन म्युझियम दाखवलेली दिसतायत.