शेगडी बाहेर कोणी काढली?

आमचं गाव साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला. खान्देश म्हटलं की लोकांना मे महिन्यातलं ऊनच आठवतं, पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहावर येतो, तिथल्या कृषी महाविद्यालयात नोंद होते नि पेपरला रोज छापून येतं, आणि आमच्याकडे तर वरून डोंगराचं वारं. घर जुनं, धाब्याचं. गॅस आहे, पण आठ माणसांचं अंघोळीचं पाणी 14.2 किलोच्या सिलेंडरवर तापवायला लागलो तर महिना निघत नाही, म्हणून हिवाळाभर तांब्याचा बंब, मागच्या अंगणात चूल, आणि रात्री सासूबाईंच्या खोलीत शेगडी.

दहा वर्षं हे सगळं मी आणि जाऊबाईच बघायचो. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर माझं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, त्यात जाऊबाई बाळंतपणाला माहेरी. मग घरात ठरलं की सगळ्यांनी मिळून करायचं, ज्याला जसं जमेल तसं. ऐकायला किती छान वाटतं ना, पण झालं काय की हात सगळ्यांचे लागायचे आणि लक्ष मात्र माझ्या एकटीचं. वहिनी, काडेपेटी कुठंय, वहिनी, लाकूड कुठलं घालू, बंबात पाणी आहे का. पहाटे पाचला मी उठलेलीच, फक्त हात गळ्यात बांधलेला.

आमच्या ह्यांनी मनापासून ट्रॉलीभर बाभूळ आणून टाकली, पण ती त्याच आठवड्यात तोडलेली. ओलं लाकूड जळताना टोकाला फेस येतो, सूं सूं आवाज होतो, आणि निम्मी आग त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. धुराने डोळे लाल, बंबाच्या नळीत काजळीचा थर, पाणी मात्र कोमटच. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भरपूर होत्या, पण त्या भरताची वांगी भाजायला नि चूल पेटवायला झकास, कागदासारख्या भुर्रकन जळून जातात, बंबाला विस्तव टिकणारा लागतो.

आणि मग ती रात्र. शेगडीत चुलीतले निखारे भरून आईंच्या खोलीत ठेवायचे आणि झोपायच्या आधी बाहेर काढायचे, एवढंच काम. ह्यांना वाटलं भाऊने, म्हणजे माझ्या दिरांनी, काढली असेल, भाऊंना वाटलं दादाने काढली. थंडी म्हणून खिडकी लावलेली, दाराच्या फटीला गोधडी. पहाटे आईंनी हाक मारली, "मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं वं, गरगर व्हस." उठून बसता येईना, उलटी झाली. शेगडी कोपऱ्यात तशीच, वर राख, आत अजून लाल. त्यांना उचलून ओट्यावर आणलं, तालुक्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की निखाऱ्याला धूर नसतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आई वाचल्या. पण मला अजून त्या कोपऱ्यातली लाली आठवली की अंगावर काटा येतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलले. मदत नको, म्हटलं, एकेक काम पूर्ण घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मला एक शब्द न विचारता. लाकूड ह्यांचं. म्हणजे फेब्रुवारीतच तोडून आणायचं, फोडायचं, विटांवर रचायचं, वर पत्रा पण बाजू मोकळ्या, आणि मग आमचं ते मे महिन्यातलं ऊन त्याला वाळवतं. दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की आता ठणठण वाजतात, टोकांना चिरा पडलेल्या दिसतात. पऱ्हाट्यासुद्धा तेच बघतात, कृषी सहाय्यकांनी सांगितल्याप्रमाणे वाळकी बोंडं तोडून जाळून टाकतात, कारण त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि शेताच्या बांधावर गंजी रचली की पुढच्या कपाशीवर येते.

बंब भाऊंचा. पेटवायच्या आधी पाणी बघायचं, जितकं काढलं तितकं ओतायचं, कारण रिकामा तापला की सांध्यांचा डाख सुटतो आणि बंब गळायला लागतो. पहिल्या आठवड्यात दोनदा पाणी थंडच राहिलं. मला उठून जावंसं फार वाटलं, खरंच सांगते, पण नाही गेले. तिसऱ्या दिवसापासून ते रात्रीच काड्या-लाकडं जवळ मांडून ठेवायला लागले. चूल माझ्याकडे नि जाऊबाईंकडे आलटून पालटून. राख मुलांकडे, थोडी भांड्यांना, बाकी उकिरड्यावर.

शेगडीचा नियम वेगळा केला, जो आत नेईल तोच बाहेर काढेल, आणि ती आत आहे तोवर खिडकी उघडी. जेवणं झाल्यावर तासभर आईंची खोली ऊबदार होते, मग शेगडी बाहेर, त्यांच्या अंगावर दोन गोधड्या. भाऊ निखाऱ्यांवर राख लोटून शेगडी मागच्या अंगणात भिंतीच्या आडोशाला ठेवतात, पहाटे राख बाजूला केली की त्याच विस्तवावर बंब पेटतो.

आई मात्र रोज आतून विचारतातच, "काढी का रे शेगडी?" आणि ज्याने काढली तोच उत्तर देतो.