पांढरा कुठं थांबतोय?

काल रात्री कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पूल पार्लरमध्ये समोरच्या पोराने ब्रेक केला, म्हणजे डावाचा पहिला फटका मारला, आपले सातही चेंडू संपवले आणि आठ नंबरचा काळाही घातला. तोवर मी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, खडू घासत उभाच होतो.

हरल्याचे काही नाही, पण त्याचे बोलणे डोक्यातून जात नाही. "काका, तुम्ही रंगीत चेंडू बघताय. पांढरा कुठं थांबतोय ते बघा की!"

खरेच, ज्याला क्यूने मारून बाकीचे चेंडू घालायचे, तो त्याचा पांढरा चेंडू प्रत्येक फटक्यानंतर पुढच्या चेंडूमागे किंचित तिरका येऊन थांबत होता, त्यामुळे अवघड फटका मारायची वेळच त्याच्यावर आली नाही.

खासबाग मैदानात बरोबरीची जोड बघून कुस्ती लावतात; इथे मात्र टेबल रिकामे दिसले की माझ्यासारखा हौशीही कोणासमोरही उभा राहतो. शनिवारी तो पुन्हा येणार आहे. जावे का?