टाकीचे झाकण आणि पिवळा दिवा

चिपळूण सोडून गुहागर-वेळणेश्वरकडे वळले की पेट्रोल पंप विरळ होत जातात, त्यामुळे टाकी चिपळुणातच भरून घ्यावी. इंजिन बंद असावे, आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर रक्कम पूर्ण करण्याच्या हौसेने आणखी पेट्रोल ओतू देऊ नये. ते वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो निकामी करू शकते. झाकण ‘टक’ असा आवाज येईपर्यंत फिरवावे, कारण ते सैल राहिले तरी इंजिनाचा पिवळा दिवा लागू शकतो आणि घट्ट केल्यावरही लगेच विझत नाही. तोच दिवा लुकलुकू लागला, तर बहुधा इंजिन मिसफायर होत असते, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसते; तेव्हा वेग उतरवून गाडी थांबवावी. तेलाच्या झारीच्या चिन्हाचा लाल दिवा, म्हणजे इंजिन ऑइलचा दाब घसरल्याचा इशारा, लागल्यास मात्र चिपळूण-कराड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटातही गाडी सुरक्षित कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाईल’ हा आपला लाडका हिशेब तिथे चालत नाही.