अल्पाइनमध्ये बॅश बसवलं आणि लाइट गेली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या एका काकांचा कारखाना आहे. तिथला जुना पीसी हार्डडिस्क गेल्यामुळे पडून होता. त्यावर अल्पाइन लिनक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवायचं ठरवलं. यात सगळी सिस्टीम रॅममध्ये उतरते, म्हणून पीसी बंद झाला की पुसली जाते. 'एलबीयू कमिट' दिलं की सेटिंगच्या इटीसी फोल्डरमधले बदल पेनड्राइव्हवरच्या एका छोट्या एपीकेओव्हीएल फाइलीत साठतात.

शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम. अल्पाइनचं मूळ शेल म्हणजे बिझीबॉक्स या छोट्या साधनांच्या संचातलं अ‍ॅश. ते हलकं आहे, मला आवडतंही. पण त्यात अ‍ॅरे (एका नावाखाली ठेवलेल्या याद्या) नाहीत आणि मालाच्या वजनाची नोंद ठेवणारी माझी स्क्रिप्ट अ‍ॅरेवरच उभी. पहिल्याच कंसाला अडली. मग नेट जोडून बॅश हे मोठं शेल घेतलं, युजरांची नोंद असणाऱ्या पासडब्ल्यूडी फाइलीत रूटच्या (मुख्य युजरच्या) ओळीच्या शेवटी अ‍ॅशच्या जागी बॅश लिहिलं, कमिट केलं. बिन फोल्डरमधल्या 'एसएच' या शेलला मात्र हात लावला नाही. सिस्टीम उठताना चालणाऱ्या स्क्रिप्ट त्याच्यावर विसंबून असतात.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली. परत आल्यावर पीसी पासवर्ड घ्यायचा आणि पुन्हा लॉगिनवरच यायचा. काका म्हणाले, "काल तर चालत हुतं की रं!"

अर्धा तास मी पासवर्डच तपासत बसलो. कारण वेगळंच होतं. बॅश नेटवरून आलेलं. त्याचं पॅकेज पेनड्राइव्हवर नव्हतंच. सिस्टीम उठताना ठरलेली पॅकेजं पेनड्राइव्हवर शोधते, तेव्हा नेट सुरूही झालेलं नसतं. पासडब्ल्यूडी सांगते बॅश उघड, आणि बॅश जागेवर नाही. रूटलाच दार बंद.

पेनड्राइव्ह घरी आणून लॅपटॉपला लावला. एपीकेओव्हीएल म्हणजे साधी टार-जीझिप, म्हणजे दाबून बांधलेली फाइल. रूट होऊन ती उलगडली, म्हणजे फाइलींची मालकी बदलत नाही. ती एक ओळ पुन्हा अ‍ॅश केली, बांधली, जागेवर ठेवली. लॉगिन झालं तेव्हा जिवात जीव आला.

मग आधीच करायला हवं होतं ते केलं. 'सेटअप-एपीकेकॅश'ने पॅकेजांचा साठा पेनड्राइव्हवर घेतला, 'एपीके कॅश डाउनलोड' दिलं. रूटला अ‍ॅशच ठेवलं, बॅश फक्त कामाच्या युजरला. होम फोल्डर आपोआप जपलं जात नाही, म्हणून स्क्रिप्टसाठी 'एलबीयू इन्क्लूड' दिलं आणि शेवटी कमिट.

नेटची वायर काढली, मेन स्विच बंद करून चालू केला. काका शेजारीच उभे होते. बॅश उघडलं, स्क्रिप्ट चालली.